पहिल्यांदा वाघ बघायला निघताय? बेळगाव सोडायच्या आधी एवढं करा

आमच्या टिळकवाडीत कुणाच्या डोक्यात वाघ शिरला की पहिला प्रश्न ठरलेला: "मावशी, दांडेली जवळ आहे, तिथंच जाऊ की?" जा की, जरूर जा. खानापूर-हल्याळवरून सकाळी निघालं तर जेवायच्या आधी पोचता. पण काळी व्याघ्र प्रकल्पाचं ते जंगल पावसाचं, दाट. वाघ आहेत, दिसणं नशिबावर. तिथं धनेश बघा, शेकरू बघा, काळा बिबट्या दिसला तर घरी येऊन गल्लीभर कुंदा वाटा. पोरांना वाघ दाखवायचं कबूल करून बसला असाल तर मात्र चंद्रपूरचं ताडोबा गाठा. साग-बांबूचं रान, उन्हाळ्यात पानं गळून मोकळं होतं आणि जनावर पाणवठ्यावर येतं.

आता तारीख. ताडोबा मंगळवारी बंद असतं, आणि कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. वाघ मे महिन्यात सगळ्यात जास्त दिसतो म्हणतात, खरंही आहे, पण चंद्रपूरचा मे ४५ अंशांवर जातो आणि आपण बेळगावकर पंख्याखाली 'काय हे ऊन' म्हणणारी माणसं. लहान मुलं किंवा सासूबाई बरोबर असतील तर होळीच्या आसपास जा. मुलांच्या परीक्षा आड येत असतील तर एप्रिलमध्ये सुट्टी लागल्या लागल्या.

बुकिंग वनखात्याच्या ऑनलाइन साइटवरच करा. एका जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या जीपमध्ये, सहा जण. शनिवार-रविवार लवकर भरतात, तेव्हा मधले वार धरा. तिकिटावर जे ओळखपत्र टाकाल तेच, मूळ, बरोबर न्या. आपल्या आधारकार्डावर कन्नड आणि इंग्रजी असतं, तिकडे गेटवर कन्नड कोण वाचणार? म्हणून इंग्रजी स्पेलिंग कार्डावर आहे तसंच्या तसं भरा. कार्डावर वडिलांच्या नावाचं नुसतं अक्षर असेल तर तिकिटावरही तेवढंच.

जायला मिरजेहून महाराष्ट्र एक्सप्रेस आहे, कोल्हापूर-गोंदिया. वर्ध्याला किंवा नागपूरला उतरून पुढं गाडी करायची. प्रवासात दुसरा दिवस उजाडतोच, म्हणून पोचल्याच्या दिवशी सफारी ठेवू नका. पेंगणाऱ्या माणसाला समोरचा गवासुद्धा दिसत नाही.

कपड्यांचं लोक फार मनावर घेतात. मिलिटरीचे पट्टेरी शर्ट कशाला? खाकी, मातकट, शेवाळी, घरात असेल ते चालतं. पांढरं, लाल, भडक पिवळं नको. अत्तर नको, गजराही नको. पहाटे उघड्या जिप्सीत वारा अंगाला चावतो, अगदी मार्चमध्येसुद्धा, आणि नऊ वाजता तेच अंग भाजतं. स्वेटरवर विंडचीटर, आत सुती, एकेक काढत जायचं. टोपीला नाडी हवी. तोंडावर ओढायला एक सुती ओढणी, कारण पुढच्या जिप्सीची सगळी धूळ तुमच्याच घशात.

लाजेनं कुणी सांगत नाही ते मी सांगते. सफारी साडेतीन-चार तासांची असते आणि मध्ये जिथं वाटेल तिथं उतरता येत नाही. सकाळचा चहा अर्धा कप. गेटवरचं स्वच्छतागृह वापरूनच गाडीत चढा, लागली नसली तरी. पाठदुखी असेल तर मधली सीट मागा, मागची फार उसळते.

मुलांची तयारी मात्र इथं, घरीच करा. पहाटे टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत न्या, एका झाडाखाली अर्धा तास गप्प बसवा आणि किती आवाज ओळखले ते नंतर विचारा. कारण वाघ आधी कानाला कळतो. चितळ ओरडलं तर कान टवकारायचे. सांबर ओरडलं की गाईड इंजिन बंद करायला लावतो, सांबर उगीच ओरडत नाही. डेपोतच ओल्या मातीत कुत्र्याचा ठसा दाखवा: बोटांपुढं नखांचे टोचे दिसतात. वाघाच्या ठशात चार बोटं, मागं मोठी गादी, नख कुठंच नाही, कारण चालताना तो नखं आत ओढून घेतो. नराचा पंजा चौकोनी, मादीचा जरा लांबट. हे आधी माहीत असलं की रस्त्यावरच्या धुळीत गाईड काठीनं दाखवतो तेव्हा पोरं त्याच्याआधी बोलतात.

कोअरमध्ये मोबाईल वापरायला बंदी आहे, त्याची सवय ठेवा. त्यापेक्षा दुर्बीण घ्या, आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट जवळ दाखवणारी, पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं. दोघांत एक पुरते.

वाघ समोर आलाच तर उभं राहू नका, बोट दाखवून "तो बघ तो बघ" करू नका. ड्रायव्हरला जास्तीचे पैसे देऊन "जरा जवळ घे" म्हणणारे लोक मी बघितलेत. वाघ झाडीत वळतो आणि मागच्या पाच गाड्या त्यांना शिव्या घालतात. वाघाला रस्ता द्या, तो बहुतेकदा रस्त्यानंच चालत राहतो आणि तुम्हाला जास्त वेळ दिसतो.

शेवटचं, पैशाचं. एकाच सफारीवर सगळं लावू नका. एक सकाळची, एक दुपारची, जमलं तर वेगळ्या गेटची: मोहर्ली आणि कोलारा. बजेट पुरत नसेल तर हॉटेल साधं घ्या, पण दुसरी सफारी कापू नका.