डबल बेसच्या घोडीला ॲडजस्टर लावायचाय? आधी हे बघा

मी मुंबईत डबल बेस वाजवतो, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं ते उभं धरायचं मोठं वाद्य, आणि नव्याने शिकणाऱ्यांना पहिल्या पावसाळ्यात जो त्रास होतो तो मलाही झाला. जून संपत आला की हवेतल्या ओलीने वरची स्प्रूसची फळी फुगून उचलली जाते, तिच्यावरची घोडी, म्हणजे तारा पेलणारा लाकडी तुकडा, उचलली जाते आणि मे महिन्यात आरामात दाबली जाणारी तार आता दाबताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. थंडीच्या कोरड्या दिवसांत उलटं, तारा खाली येतात आणि सगळ्यात जाड ई (E) तार फिंगरबोर्डला, म्हणजे तारांखालच्या लांब पट्टीला, लागून खरखरते. दरवेळी घोडी तासून कमी करता येत नाही ना, एकदा तासलेलं लाकूड परत कुठून आणणार, म्हणून घोडीच्या दोन्ही पायांत स्क्रूच्या चाक्या बसवतात, त्या फिरवून घोडी वर-खाली करता येते, त्यांनाच ॲडजस्टर म्हणतात.

आता कोणत्या घ्यायच्या? माझं मत स्पष्ट आहे, ॲल्युमिनियमच्या. पितळ त्याच्या तिप्पट जड असतं आणि घोडीवर वजन वाढलं की आवाज दबतो, गजाने (बो) वाजवताना तर लगेच जाणवतं. लाकडी चाक्यांचा आवाज गोड असतो म्हणतात, पण आपल्या पावसात लाकडी आटे फुगून घट्ट बसतील म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

खरं सांगायचं तर चाकी कोणती यापेक्षा ती बसवतो कोण हे जास्त महत्त्वाचं. माझी पहिली घोडी मी एका दुकानात दिली होती, तिथे भोकं जराशी तिरकी पडली. खालच्या पायात आटे पाडतात आणि वरचा भाग गुळगुळीत दांड्यावर सरकतो, म्हणजे दोन्ही दांडे एकमेकांना समांतर हवेतच, नाहीतर उंची वाढवताना ते अडकतात आणि पायावर ताण येतो. माझ्या घोडीला दोन महिन्यांत भोकापासून बारीक चीर गेली आणि मेपलची चांगली घोडी वाया गेली, आजही वाईट वाटतं. बसवणाऱ्याला आधी विचारा, ड्रिल प्रेस (सरळ भोक पाडणारं उभं ड्रिल मशीन) आहे का, आणि हातात ड्रिल धरून करणार असेल तर देऊ नका. घोडीचे तळवे फळीच्या बाकाला नीट टेकवून झाले की मगच चाक्यांसाठी पाय कापायचे, आणि चाक्या मधोमध असताना तारांची उंची बरोबर यायला हवी, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे जागा राहते.

फिरवताना दोन्ही चाक्या सारख्याच फिरवा, एकदम फार नाही, पाव-पाव फेरा. माझ्या चाक्यांचे आटे एम८ (८ मिमी जाडीच्या स्क्रूचे) आहेत, पूर्ण फेऱ्याला १.२५ मिमी, त्यामुळे पाव फेराही बोटांना कळतो. वर करायच्या आधी तारा थोड्या सैल करा, पण चारही एकदम पूर्ण सोडू नका, आतला साउंडपोस्ट, म्हणजे वरच्या आणि मागच्या फळीमधला लाकडी दांडा, नुसत्या दाबावर उभा असतो, तो पडला तर काम वाढलंच. परत सुरात लावताना घोडीचं डोकं फिंगरबोर्डकडे ओढलं जातं, म्हणून बाजूने बघून दोन्ही हातांनी हळूच मागे घ्या, टेलपीसकडची (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात तिकडची) बाजू फळीशी काटकोनात यायला हवी.

मी फिंगरबोर्डच्या टोकाशी सगळ्यात बारीक G तार ६ मिमी आणि E तार ९ मिमी उंच ठेवतो, स्टीलच्या तारांवर. केसच्या खिशात एक छोटी वही आहे, त्यात तारीख आणि किती फेरा फिरवला ते लिहून ठेवतो, त्यामुळे दिवाळीनंतर चाक्या परत किती वर न्यायच्या ते शोधावं लागत नाही.