होनाउनाउच्या अभयस्थानाला भेट देताना

हवाई बेटसमूहातील सर्वांत मोठ्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोना भागात, ‘पुउहोनुआ ओ होनाउनाउ’ हे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. ‘उद्यान’ या शब्दावरून बागबगीच्याची कल्पना करून जाणाऱ्याला तेथे काळाशार कातळ, नारळाची झाडे, एक अजस्र दगडी भिंत आणि शाकारलेल्या मोजक्या वास्तू एवढेच दिसते, आणि तो अर्ध्या तासात गाडीकडे परततो. या जागेला किमान तीन तास द्यावेत आणि निघण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी समजून घ्यावी, कारण येथे डोळ्यांना दिसते त्यापेक्षा माहीत असावे लागते ते अधिक आहे.

‘पुउहोनुआ’ म्हणजे शरण आलेल्याला अभय मिळण्याची जागा. जुन्या हवाईत ‘कापू’ नावाची धर्मनियमांची कडक व्यवस्था होती. आपल्याकडील सोवळ्याओवळ्यावरून तिची थोडी कल्पना येईल. मात्र तेथे विटाळाला प्रायश्चित्त नव्हते, थेट मृत्युदंड होता. सरदाराच्या सावलीत पाऊल टाकणे, स्त्रीने केळे किंवा डुकराचे मांस खाणे, स्त्री-पुरुषांनी एका पंगतीला बसणे, बंदीच्या काळात मासे धरणे, हे सारे अपराध या सदरात मोडत. अपराधी मोकळा राहिला तर देव कोपून लाव्हा, दुष्काळ किंवा समुद्राची लाट साऱ्या गावावर आणतील अशी समजूत असल्यामुळे लोक त्याचा जीव घेण्यासाठी पाठलाग करीत. तो जिवंतपणी पुउहोनुआत पोहोचला, तर मात्र तेथील पुरोहित त्याच्याकडून विधी करवून घेत आणि तो दोषमुक्त होऊन घरी जाऊ शके. लढाईत हरलेले योद्धे, तसेच म्हातारी माणसे व मुलेही येथे आश्रयाला येत. ही व्यवस्था 1819 मध्ये संपली. त्या वर्षी नवा राजा लिहोलिहो स्त्रियांसोबत जेवायला बसला आणि त्या एका जेवणाने कापू मोडला गेला. आधीचा राजा कामेहामेहा याची राणी काआहुमानू हिचा यात मोठा वाटा होता.

कायलुआ-कोना शहरापासून हे ठिकाण दक्षिणेस सुमारे 35 किलोमीटरवर आहे. 11 क्रमांकाच्या महामार्गावर 103 आणि 104 या मैलांच्या खुणांच्या दरम्यान समुद्राच्या बाजूला वळणारा ‘के आला ओ केआवे’ हा रस्ता धरावा. तो उतरत उतरत साडेपाच किलोमीटरवर उद्यानाशी आणून सोडतो. भाड्याची गाडी घेणेच सोयीचे पडते. प्रवेशशुल्क एका गाडीमागे आकारले जाते. याच सहलीत हवाई व्होल्कॅनोज आणि माउई बेटावरील हालेआकाला ही उद्यानेही पाहायची असतील, तर तिन्हींसाठी मिळून असलेल्या वार्षिक पासाची चौकशी करावी. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हवाईसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. भारतातून जाणाऱ्यांना अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि घरी फोन करताना भारताची घड्याळे साडेपंधरा तास पुढे आहेत हे ध्यानात ठेवावे लागते.

उद्यान उघडताच, सकाळीच पोहोचावे. कातळ दुपारी तापतो आणि सावली फारशी नाही. सपाता किंवा पातळ चपला घालून गेल्यास टोकदार लाव्ह्यावर प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागते, म्हणून जाड तळाचे बूट, टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर असू द्यावी. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर प्रवाळाच्या रक्षणासाठी हवाईत 2021 पासून बंदी आहे. खनिज घटकांचे सनस्क्रीन घ्यावे.

माहिती केंद्रातून नकाशा घेऊन प्रथम राजपरिसरात जावे. येथे सरदारांची वस्ती होती आणि केओनेएले या छोट्या खाडीत केवळ त्यांच्याच होड्या लागत. पळून येणाऱ्याला जमिनीवरून यायचे तर नेमके याच वस्तीतून यावे लागे, आणि तेथे पाऊल टाकणे म्हणजे पुन्हा मृत्यूच. म्हणून त्याला समुद्रातून पोहत येण्यावाचून गत्यंतर नसे. खाडीच्या काठावर उभे राहून समोरचे पाणी पाहिले की हे आपोआप कळते. जवळच एका दगडावर ‘कोनाने’ या खेळाच्या बारीक खळग्यांच्या रांगा दिसतील. काळे लाव्ह्याचे आणि पांढरे प्रवाळाचे खडे एकाआड एक भरून पट मांडतात, सुरुवातीला दोन खडे उचलून जागा मोकळी करतात आणि मग प्रतिपक्षाच्या खड्यावरून उडी मारून तो उचलायचा. ज्याला उडी उरत नाही तो हरतो. मुले बरोबर असतील तर येथे खुशाल अर्धा तास बसावे.

यानंतर भिंतीकडे वळावे. सुमारे 300 मीटर लांब, साडेतीन मीटरपर्यंत उंच आणि पाच मीटर रुंद अशी ही भिंत सोळाव्या शतकात बांधली गेली असे मानतात. हिच्यात चुना नाही, माती नाही. कोकणात वाडीभोवती जसा सुका गडगा रचतात, तसाच हा प्रकार, पण किल्ल्याच्या तटाएवढ्या मापाचा. अगदी जवळ जाऊन पाहावे: मोठ्या दगडांचे सपाट तोंड बाहेरच्या बाजूला आणून बसवलेले आहे आणि मधल्या फटी लहान दगडांनी भरलेल्या आहेत. हात लावून दगड हलवू नयेत आणि भिंतीवर चढू तर मुळीच नये. राजपरिसर आणि अभयस्थान यांची सीमा हीच.

भिंतीच्या टोकाशी, खाडीच्या काठावर ‘हाले ओ केआवे’ हे मंदिर आहे. त्यात 23 सरदारांच्या अस्थी ठेवलेल्या होत्या आणि त्या अस्थींतील ‘माना’, म्हणजे दैवी सामर्थ्य, या जागेचे रक्षण करी अशी श्रद्धा होती. 1823 मध्ये येथे आलेले मिशनरी विल्यम एलिस यांनी 24 फूट लांब व 16 फूट रुंद, ‘टी’ नावाच्या (चहाच्या नव्हे) झुडपाच्या पानांनी शाकारलेल्या वास्तूचे वर्णन लिहून ठेवले आहे. पुढे 1829 मध्ये काआहुमानूच्या आज्ञेने अस्थी हलवण्यात आल्या. आज दिसते ती वास्तू विसाव्या शतकात पुन्हा उभारलेली आहे. भोवतीच्या उग्र चेहऱ्याच्या लाकडी मूर्तीही नव्या कोरलेल्या आहेत. वास्तू नवी म्हणून तिला देखावा समजू नये. स्थानिक हवाईयन लोक आजही येथे नैवेद्य ठेवतात, त्यामुळे कुंपणाच्या आत जाऊ नये, ठेवलेल्या वस्तूंना हात लावू नये आणि मूर्तींच्या शेजारी तोंडे वेडीवाकडी करून फोटो काढणे टाळावे. हे शेवटचे सांगावे लागते, कारण तसे करणारे पुष्कळ दिसतात.

खाडीत बहुधा हिरवी समुद्री कासवे भेटतील. स्थानिक त्यांना ‘होनू’ म्हणतात. कोकणात वेळासला येणारी ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालून निघून जातात; ही मात्र शेवाळ खायला आणि वाळूवर निवांत ऊन खात पडायला येतात. त्यांच्यापासून किमान तीन मीटर दूर राहावे. या खाडीत पोहणे योग्य नाही. पाण्यात उतरायचेच असेल, तर उद्यानाच्या उत्तरेला लागूनच ‘टू स्टेप’ नावाने ओळखली जाणारी जागा स्नॉर्केलिंगसाठी प्रसिद्ध आहे. तेथे उद्यान पाहून झाल्यावर जावे, कारण ओल्या कपड्यांनी आणि दमलेल्या अंगाने मंदिर पाहणे होत नाही.

पायांत बळ उरले असेल तर ‘1871 ट्रेल’ या किनारी वाटेने कीइलाए या ओसाड गावाच्या दिशेने चालत जावे. जाऊन-येऊन सुमारे तीन किलोमीटर होतात. या वाटेवर सावली नाही, म्हणून ती सकाळी किंवा ऊन कलल्यावर धरावी. डबा आणला असेल तर तो राजपरिसरात उघडू नये. दक्षिणेकडे समुद्रालगत सहभोजनासाठी वेगळी जागा राखलेली आहे आणि सूर्यास्तही तेथून उत्तम दिसतो. मात्र सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात फाटक बंद होते, तेव्हा गाडी त्याआधी बाहेर काढावी.