गुळवेलीतलं बर्बेरिन मास स्पेकवर कसं ओळखायचं

मास स्पेक म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र. लॅबमध्ये नवी आलेली मुलं हमखास विचारतात, "मॅडम, नमुना लावला की सॉफ्टवेअर नाव सांगतंच ना?" सांगतं. मलाही सांगितलं होतं, आणि त्या नावामागे माझे दोन दिवस गेले.

आमच्या गल्लीतल्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल होती. (कडुनिंबावरचीच चांगली, असं आजी म्हणायची, ते यंत्रावर तपासायचं राहूनच गेलंय.) बोटाएवढं जाड खोड घ्या, तुकडे करून सावलीत वाळवा, दळा. १ ग्रॅम पूड २० मिली ७० टक्के मिथेनॉलमध्ये घालून अर्धा तास सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी घुसळणारं यंत्र) ठेवा. सेंट्रिफ्यूज करा, वरचं द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि शंभरपट पातळ करा. दाट लावलंत तर डिटेक्टर गुदमरतो. पूड न घालता हेच सगळं करून एक ब्लँकही बनवा. आलेखात ३९१.२८४ या वस्तुमानाला झकास पीक (उंच शिखर) दिसलं म्हणून हुरळू नका, ते बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या ट्यूबमधून आलेलं थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करणारं रसायन) असतं. ब्लँकमध्येही तेच दिसेल.

कॉलम (संयुगं वेगळी करणारी नळी) सी-१८, त्यातून पाणी आणि अ‍ॅसिटोनायट्राइल, दोन्हींत ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल, पॉझिटिव्ह मोड, म्हणजे धनभारित आयन मोजायचे.

आता माझी चूक. बहुतेक रेणूंना इलेक्ट्रोस्प्रेमध्ये (द्रावण फवारून रेणूंना भार देणारा यंत्राचा भाग) एक प्रोटॉन चिकटतो, म्हणून सॉफ्टवेअर दिसलेल्या आकड्यातून १.००७ वजा करून रेणू शोधतं. पण बर्बेरिनच्या नायट्रोजनवर धनभार मुळातच असतो. ते जसं आहे तसंच ३३६.१२३० ला दिसतं, वजा काहीच करायचं नाही. मी सेटिंग बदललं नव्हतं, त्यामुळे भलतंच नाव समोर आलं. गुळवेलीतल्याच पामाटिन (३५२.१५४३) आणि मॅग्नोफ्लोरिन (३४२.१७००) या संयुगांचंही तसंच.

मला ३३६.१२४१ मिळालं. फरक ०.००११, म्हणजे सुमारे ३ पीपीएम (दहा लाखांत ३ भाग). ५ च्या आत आहे, चालेल. तरी इथे थांबू नका. हा आयन फोडून बघा: बर्बेरिनमधून मिथिल गट सुटून ३२१ येतो, शिवाय ३२० आणि २९२ दिसतात. मॅग्नोफ्लोरिन वेगळ्या रीतीने तुटतं, त्यातून ४५ चा डायमिथिलअमाइन निघून जातो आणि २९७ उरतो.

फोडूनही पेच सुटेलच असं नाही. जॅट्रोऱ्हायझिन आणि कोलंबामिन ही दोन वेगळी संयुगं, पण दोघांचंही वस्तुमान ३३८.१३८७. तिथे विकतचं स्टँडर्ड (त्या संयुगाचा शुद्ध नमुना) त्याच कॉलमवर, त्याच दिवशी लावून बाहेर पडण्याची वेळ जुळवावी लागते. स्टँडर्ड नसेल तर वहीत नावापुढे 'संभाव्य' लिहा. गाइडला आवडो न आवडो.

आणि स्टँडर्ड नमुन्यांच्या आधी लावू नका, शेवटी लावा. बर्बेरिन भारी चिकट, यंत्रात मागे उरतं. त्याच्यामागून तुळस लावलीत तर तुळशीतही बर्बेरिन 'सापडेल'. मग ३३६ दिसेनासं होईपर्यंत ब्लँक चालवत बसा.