पुण्याच्या उन्हाळ्यात सावरडो

पीठ-पाणी समप्रमाणात कालवायचं, रोज थोडं काढून नवीन घालायचं, आठ-दहा दिवसांत स्टार्टर तयार, म्हणजे पाकिटातल्या यीस्टविना फुगणाऱ्या आंबूस सावरडो ब्रेडचं विरजण. हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते, कारण ते सांगणारे व्हिडिओ पोत्याने पडलेत. त्यांत एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही. ते सगळे तास आणि मापं २२-२४ अंशांच्या स्वयंपाकघरातली असतात. एप्रिलमध्ये माझ्या ओट्यावरचा थर्मामीटर ३४ दाखवतो.

पहिला आठवडा भरभर उरकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्टार्टर बरणीबाहेर येईल. लगेच घरभर फोटो पाठवू नका. ते यीस्ट नव्हे, ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू आहेत. इडलीचं पीठ फुगवणारी मंडळी ह्याच गोत्रातली. वास कुबट येतो. आम्लता वाढली की ते गप्प होतात, खरं यीस्ट अजून अंग धरत असतं, आणि बरणी दोन-तीन दिवस मेल्यासारखी पडून राहते. नेमकी इथेच ती मोरीत ओतली जाते. ओतू नका, खायला घालत राहा. अननसाच्या रसाची युक्ती कानावर आली असेल. ती खोटी नाही, रसाच्या आंबटपणाने त्या जिवाणूंना आळा बसतो. पण आपल्या उकाड्यात हा टप्पा तसाही लवकर सरतो, त्यामुळे रस पिऊन टाका.

आता मुद्द्याचं. डिसेंबरात माझा ब्रेड उत्तम व्हायचा. मार्चअखेरीस त्याच मापांनी, त्याच मैद्याचा गोळा परातीत चक्क वाहायला लागला. घडी घालायला उचलला की तारा सुटायच्या, बोटांना चिकट साय लागायची, स्क्रेपरने गोळा केला तरी मिनिटभरात पुन्हा पसरायचा. भाजून निघायची ती आंबट, जाड, रबरी पोळी. मी मैद्याला दोष दिला. ‘आपल्याकडच्या पिठात ग्लुटेनच नसतं’, म्हणजे गोळ्याला ताण देणारं प्रथिनच नसतं, असं एका वर्गात शिकवलं होतं. मग महागडं आयात पीठ आणलं. तेही वाहिलं.

दोष स्टार्टरच्या उपासमारीत होता. सकाळी आठला १:१:१ प्रमाणात, म्हणजे जितका स्टार्टर तितकंच पीठ आणि तितकंच पाणी, असं खाऊ घातलं, तर ३४ अंशांत अकराच्या सुमारास त्याला घुमट येतो. जेवणाच्या वेळेपर्यंत घुमट खचतो, काचेवर ओघळांच्या रेघा राहतात. पुढचं खाणं दुसऱ्या दिवशी आठला! मधला सगळा वेळ तो उपाशी. सावरडोतल्या यीस्टला २७-२८ अंश मानवतात, पस्तिशीच्या पुढे ते हात टेकतं. आम्ल करणारे जिवाणू मात्र ३२-३३ला जोरात असतात. म्हणजे उन्हाळ्यात आंबटपणा चढत जातो, फुगवणारी ताकद घटत जाते. आणि त्या आम्लात गव्हाची स्वतःची प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स जागी होतात. असा नेलपॉलिश रिमूव्हरच्या वासाचा स्टार्टर १०० ग्रॅम घेऊन ५०० ग्रॅम पिठात घातलात, तर ग्लुटेन कातरणारी कात्रीच आत सोडलीत. मग कितीही घड्या घाला.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. १० ग्रॅम स्टार्टर, ५० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम फ्रिजमधलं पाणी. मे महिन्यात १०ला १००-१००. दिवसातून दोनदा. सलग चार-पाच खाणी अशी झाली की वास दह्यासारखा, फळांसारखा होतो. वापरायचा तो घुमट माथ्यावर असताना, खचायच्या आधी. एरवी वीसेक ग्रॅम स्टार्टर सांभाळला तरी भरपूर. बरणीभर पाळून रोज वाडगाभर डिस्कार्डची, म्हणजे काढून टाकलेल्या स्टार्टरची, धिरडी घरच्यांना खायला लावणं हा छळ आहे.

कणकेतही स्टार्टर कमी करा, ५०० ग्रॅम पिठाला ५० ग्रॅम. पाणी थंडगार घ्या, मळून झाल्यावर कणकेचं तापमान २५-२६ आलं पाहिजे. ‘बल्क चार तास’, म्हणजे आकार देण्याआधी कणीक चार तास फुगवा, हे वाक्य विसरा. कणकेतला लिंबाएवढा गोळा सरळ उभ्या काचेच्या छोट्या ग्लासात दाबून बसवा, पातळीवर रबरबँड लावा. उन्हाळ्यात तो ३०-४० टक्के चढला की सगळ्या कणकेला आकार देऊन फ्रिजमध्ये. दुप्पट व्हायची वाट पाहू नका, गोळा आतपर्यंत गार होईतो फुगतच राहतो. आणि फ्रिजच्या दारात ठेवू नका. दार दहादा उघडतं, तिथे गारवा टिकत नाही.

फ्लोट टेस्टवर, म्हणजे चमचाभर स्टार्टर पाण्यात तरंगला तरच तो तयार, ह्यावर माझा विश्वास नाही. उत्तम फुगलेला स्टार्टर चमच्याने जरा दडपला की बुडतो, आणि नवशिक्या बिचाऱ्या रडकुंडीला येतात. तीच गत ‘शंभर वर्षांच्या’ स्टार्टरच्या पाकिटांची. सॅन फ्रान्सिस्कोची बूदँ बेकरी १८४९पासूनचं आंबवण चालवत असल्याचं सांगते, छान आहे, पण तुमच्या बरणीत शेवटी तुमचं पीठ आणि तुमचा उकाडा ठरवतो कोण जगेल ते. पैसे खर्चायचेच तर काटा आणि टोचून मोजायचा थर्मामीटर घ्या. हजारोंच्या कार्यशाळेत एसी लावलेला असतो, हे लक्षात घ्या. पहिल्या ब्रेडला धीर येत नसेल तर कणकेत चिमूटभर इन्स्टंट यीस्ट घाला, कुणी पोलिसात देणार नाही. बरणीत मात्र घालू नका.

पिठाचं थोडक्यात: मैदा आधी त्याच्या वजनाच्या ६५-६८ टक्के पाण्यावर जमवा, परदेशी कृतींतले ८० टक्के नंतर. चक्कीची कणीक जास्त पाणी पिते पण तिचा कोंडा जाळी फाडतो, म्हणून सुरुवातीला पाव हिस्सा पुरे. खपलीचं ग्लुटेन दुबळं, तिचा उभा ब्रेड होत नाही म्हणून स्वतःला कोसू नका. ओटीजीतून वाफ निसटते, तेव्हा बिडाचं झाकणाचं भांडं आत ठेवून पाऊण तास तापवा. २३० अंशांवर झाकून वीसेक मिनिटं, मग उघडं तितकंच.

उकाड्यात आंबवलेला ब्रेड होतच नाही, असं कुणी म्हणालं तर गोव्याकडे बोट दाखवा. तिथले पोदेर, म्हणजे पाववाले, पोई ह्या गोल पावाचं पीठ पूर्वी माडाच्या सुरेवर, म्हणजे माडीवर, आंबवायचे, एसीविना.

गणपतीला दहा दिवस कोकणात जायचं असेल तर निघताना स्टार्टर घट्ट करा, पिठाच्या निम्मं पाणी घालून गोळीसारखा, आणि फ्रिजमध्ये आत ढकला. शिवाय चमचाभर स्टार्टर बटर पेपरवर पातळ पसरून पंख्याखाली वाळवा, चुरा करून डबीत ठेवा. परत आल्यावर वर करडं पाणी सुटलेलं असेल, ते भुकेचं. ओतून टाका, दोन-तीन खाण्यांत गडी उभा राहतो. गुलाबी किंवा केशरी रेघ दिसली, किंवा बुरशी धरलेली दिसली, तर बरणी सरळ रिकामी करा. वरचं काढून खालचं वापरू का, असं ग्रुपवर विचारत बसू नका. डबीतला चुरा आहे ना, तो कोमट पाण्यात भिजवा.