मुलाची केस सहा महिन्यांनंतरही चालूच आहे? आधी पहिली तारीख शोधा

येरवड्याच्या बाल न्याय मंडळाबाहेर ताटकळणाऱ्या आयांना कुणीतरी हमखास सांगतं, ‘मुलांची केस चार महिन्यांत आपोआप बंद होते.’ यावर विसंबू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १४ नुसार चौकशी चार महिन्यांत संपवायची असते. लेखी कारणं नोंदवून मंडळ आणखी दोन महिने वाढवू शकतं. त्यानंतरही अपुरी राहिली, तर प्रकरण संपुष्टात येतं, पण गुन्हा किरकोळ असेल तरच.

आधी मुलावर लावलेलं कलम बघा. कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तर गुन्हा किरकोळ. लक्ष्मी रोडच्या गर्दीत खिशातून मोबाइल मारला, तर चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षं. तोच मोबाइल पीएमपीच्या बसमध्ये मारला, तर सात. मग गुन्हा किरकोळ राहिला नाही. गंभीर गुन्ह्यांत मुख्य न्यायदंडाधिकारी मुदत आणखी वाढवून देऊ शकतात.

आता खरी मेख. सहा महिने मोजायचे कुठून? एफआयआरपासून नाही, दोषारोपपत्रापासूनही नाही. मुलाला मंडळापुढे पहिल्यांदा हजर केलं, त्या दिवसापासून. सुरुवातीला मी एका मुलासाठी दोषारोपपत्राची तारीख धरली आणि त्याच्या आईला उगीच पुढचे कित्येक महिने हेलपाटे घालायला लावले. दर तारखेला तिच्या धुण्याभांड्याच्या कामाचा एक खाडा पडायचा. ते अजून मला टोचतं.

म्हणून घरच्यांच्या आठवणीवर जाऊ नका. ‘गणपतीच्या आधी नेलं होतं’ हे केस संपवण्याच्या अर्जात चालत नाही. नकलेचा अर्ज करून सगळा रोजनामा, म्हणजे दर तारखेला काय झालं त्याची मंडळाची नोंद, काढा. पहिल्या हजेरीच्या नोंदीखाली पेन्सिलीने रेघ मारा. मग मुदतवाढीचा आदेश आहे का आणि त्यात कारण लिहिलंय का, ते शोधा. चौथ्या महिन्यातच अर्ज टाकण्याची घाई करू नका. वाढीव मुदत संपू द्या. तोवर मुलाची एकही तारीख चुकवू नका. आणि ‘कबूल कर, लगेच सुटशील’ म्हणणाऱ्याला मुलाच्या जवळ फिरकू देऊ नका.

मुदत उलटली की कलम १४(४) खाली प्रकरण संपवण्याचा अर्ज द्या, सोबत रोजनाम्याची नक्कल जोडा. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, मुलांना मोफत वकील मिळतो.

आदेश झाला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज करा. पुढे चौकीतून पुन्हा बोलावणं आलं, तर आईच्या हातात तो कागद असायला हवा.