शाळेत एकमेकांची ओळख करून द्यायचीय? आपल्या तालुक्यापासून सुरुवात करा

अलिबाग-मुरुडकडच्या सर-बाईंनो, विविधता शिकवायला फॅन्सी ड्रेस नको, त्यात पोरं नुसते कपडे बघतात. त्यापेक्षा मलिद्यापासून सुरू करा, पोहे गूळ खोबरं फळं, आपल्याकडचे बेने इस्रायल ज्यू लोक एलियाहू हन्नबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने करतात, आणि पोहे-खोबरं तर सगळ्यांच्याच घरी असतं, मग पोरं आपणहून विचारायला लागतात. नंतर कोर्लईला न्या, तिथे पोर्तुगीजमधून आलेली बोली अजून बोलतात, एखाद्या आजीकडून चार शब्द ऐकवा. जंजिऱ्याला फक्त तोफा दाखवू नका, आफ्रिकेतून आलेले सिद्दी इथलेच कसे झाले आणि त्यांचं राज्य १९४८ पर्यंत होतं तेही सांगा. आणि प्लीज, कातकरी किंवा मुसलमान पोराला उभं करून "तुमच्यात काय करतात रे" असं विचारू नका, फार लागतं ते, त्याला वाटलं तर तो बोलेल.