स्वतःचा डाव ग्रुपवर टाकायचा असंल तर असा टाका

परभणी, लातूर, नांदेड, बीड, कुठंही जा, बुद्धिबळवाल्यांचा एखादा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच, आणि त्याच्यावर रोज काय येतं तर जिंकल्याचा स्क्रीनशॉट, रेटिंग वाढल्याचा स्क्रीनशॉट, खाली चार अंगठे आणि विषय संपला. डाव कुणी उघडत नाही कारण उघडून बघावं असं त्यात काही लिहिलेलंच नसतं. मला हे लई खटकतं, कारण आपल्याकडं चांगला कोच परवडणं आणि सापडणं दोन्ही अवघड आहे, तालुक्याच्या पोराला तर जवळपास अशक्यच, आणि अशा वेळी एकमेकांचे डाव नीट वाचणं हाच सगळ्यात स्वस्त क्लास आहे. बोटविनिकसारखा विश्वविजेता खेळाडूंना सांगायचा की आपल्या डावांचं विश्लेषण स्वतः करा आणि ते छापून लोकांपुढं ठेवा म्हणजे लोक चुका काढतील. त्या काळात त्यासाठी मासिक लागायचं, आता फोन पुरतो.

आधी डाव कोणता निवडायचा ते बघू. बुलेटचा नको, एका मिनिटात माणूस विचार करत नाही, हात चालवतो, त्यावर लिहिणार तरी काय. दहा-पंधरा मिनिटांचा रॅपिड किंवा स्पर्धेतला मोठा डाव घ्या आणि शक्यतो हरलेला घ्या. हरलेला डाव टाकायला लाज वाटते हे मला कळतं, पण २०२४ च्या डिसेंबरात सिंगापूरला काय झालं ते आठवा. जगज्जेतेपदाच्या लढतीतला गुकेश आणि डिंग लिरेनचा चौदावा डाव, बरोबरीकडं चाललेला, डिंगकडं हत्ती, उंट आणि एक प्यादं, गुकेशकडं तेवढंच आणि वर एक प्यादं जास्त. ५५ व्या चालीला डिंगनं हत्ती एफ२ या घरात ठेवला (उभ्या रांगा ए ते एच, आडव्या १ ते ८) आणि तिथंच जगज्जेतेपद गेलं. कामून गेलं? त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात अडकलेला होता, गुकेशनं हत्तीनं हत्ती मारला आणि मग उंट डी५ वर आणला, आता उंटांची मारामारी टळत नाही, आणि सगळं साफ झाल्यावर राजा-प्याद्यांच्या एंडगेममध्ये जास्तीचं प्यादं जिंकतं. बघा, दोन वाक्यांत कारण सांगता आलं. जगातल्या एक नंबरच्या गादीसाठी खेळणाऱ्याची चूक सगळी दुनिया उघडून बघते आणि त्यातून शिकते, तर आपल्या डावाची काय लाज.

नोंदीचं म्हणाल तर ऑनलाईन डाव आपोआप सेव्ह होतो, प्रश्न स्पर्धेचा. मोठ्या डावात चाली लिहिणं नियमानं बंधनकारक असतं, दर चालीला ३० सेकंद वाढत असतील तर शेवटपर्यंत लिहावं लागतं, आणि चाल आधी पटावर करायची, मग कागदावर, आधी लिहून मग खेळायचं नाही. आपली बरीच पोरं घाईत असं काही लिहितात की घरी आल्यावर घोडा सी३ गेला का ई२ गेला ते त्यांनाच कळत नाही. म्हणून स्पर्धा संपल्यावर एसटीत बसल्या बसल्याच डाव मोबाईलवर भरून टाका, डोक्यात ताजा असतो. लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाईटवर स्टडी म्हणून सोय आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत, प्रत्येक चालीखाली मराठीत लिहिता येतं. आणि ग्रुपवर लिंक किंवा पीजीएन टाका, स्क्रीनशॉट नको. पीजीएन म्हणजे साधा मजकूर असतो, दोन-चार केबीचा, गावाकडं रेंजचे दोन दांडे असले तरी जातो आणि समोरच्याला पटावर चाली पुढंमागं करून बघता येतात.

आता खरं काम. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा स्टॉकफिशसारखा प्रोग्राम, लावायच्या आधी स्वतः लिहा. हे एवढं पाळलं तर बाकी सगळं सोडून दिलं तरी चालंल. स्टॉकफिश एकदा चालू केलं की तुमच्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते पुसलं जातं, मग तुम्ही फक्त त्याचे आकडे उतरवून काढता, आणि ते आकडे तर कुणालाही काढता येतात की. तुमच्या डोक्यातलं मात्र फक्त तुम्हीच सांगू शकता.

एक उदाहरण घेऊ, शाळेतल्या पोरांच्या डावात ही पोझिशन हमखास येते. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, आणि पांढऱ्यानं घोडा जी५ वर उडी मारली. एफ७ वर आता घोडा आणि उंट दोघांची नजर, राखायला एकटा राजा. काळा प्यादं डी५ ला ढकलून उंटाची वाट अडवतो, पांढरा ई च्या प्याद्यानं ते खातो, आणि पाचव्या चालीला काळा घोड्यानं डी५ चं प्यादं परत खातो. इथं बहुतेक जण काय लिहितात? «घोड्यानं डी५ चूक, घोडा ए५ पाहिजे होता.» झालं. यातून वाचणाऱ्याला काय मिळालं, काहीच नाही.

हेच असं लिहून बघा. «५ वी चाल, काळा: एक मिनिट विचार केला. वाटलं की प्यादं परत आलं, घोडा मधोमध बसला, हिशोब फिटला. समोरचा एफ७ वर घोडा देऊन टाकंल हे डोक्यातच आलं नाही कारण एका प्याद्यासाठी घोडा कोण देतं. पण त्यानं दिला, राजानं खाल्ला, वजीर एफ३ वर आला, राजाला शह आणि डी५ च्या घोड्यावर उंटाबरोबर वजिराचीपण नजर. घोडा वाचवायचा तर राजाला ई६ वर यावं लागतं, आणि लगेच घोडा सी३, म्हणजे बांधलेल्या, हलला तर राजाला शह बसंल अशा घोड्यावर तिसरा मोहरा चालून आला.» एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला चूक कुठून उगवली ते दिसतं, चाल शोधण्यात गडबड नव्हती, हिशोब एका जागी आधीच थांबवला होता. आता घोडा ए५ का चांगला तेही आपोआप कळतं. डी५ च्या प्याद्याच्या माऱ्यातून सी६ चा घोडा निघतो, वर सी४ च्या उंटावरच चालून जातो, पांढऱ्याला जोर मारायला सवडच मिळत नाही. काळ्याचं एक प्यादं जातं खरं पण त्याचे मोहरे भराभर बाहेर पडतात.

प्रत्येक चालीवर लिहू नका, वाचणारा कंटाळतो. थांबून विचार केला ती जागा, घाबरलात ती जागा, «आता जिंकलो» वाटलं ती जागा, अशा तीन-चार ठिकाणी लिहा. घड्याळात किती वेळ राहिला होता तेही टाका, कारण दोन मिनिटं उरलेली असताना केलेली चूक आणि बारा मिनिटं उरलेली असताना केलेली चूक, दोन्हीवर औषध वेगळं आहे. एकाला लवकर खेळायची सवय लावावी लागते, दुसऱ्याला समोरच्याचा विचार करायची.

मग इंजिन लावा. आकडा प्याद्यात वाचायचा, अधिक १ म्हणजे पांढरा साधारण एक प्यादं वरचढ. ०.३ चं उणे ०.२ झालं तर सोडून द्या, आपल्या लेव्हलला त्याचा काही फरक पडत नाही. अधिक १ वरून एकदम उणे ३ झालं तिथं थांबायचं. आणि इंजिनची चाल नुसती कॉपी करायची नाही, तुमच्या मनातली चाल तिथं खेळून बघा आणि इंजिन तिला काय उत्तर देतं ते बघा, खरं उत्तर तिथं असतं. आपण लिहिलेलं आणि इंजिनचं जुळलं नाही तर आपलं खोडू नका, दोन्ही ठेवा, एकाखाली एक.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. वजीर, हत्ती, उंट, घोडा, प्यादं, शह, मात, हे शब्द सगळ्यांना येतात, ओपनिंग, पिन, ब्लंडर हेही येतात, जे तोंडात बसलंय ते लिहा. चांगल्या चालीला उद्गारचिन्ह, चुकीला प्रश्नचिन्ह, घोडचुकीला दोन प्रश्नचिन्हं, ही खूण जगभर चालते. गावात पारावर जुने लोक देशी पद्धतीनं खेळतात, प्यादं पहिल्यांदाही एकच घर, राजाला एकदा घोड्याची चाल, तो डाव ॲपवर नीट बसत नाही, वहीत लिहून फोटो टाका आणि वर नियम लिहा. असे डाव कुणी टाकत नाही आणि ते टाकायलाच पाहिजेत, ती माणसं आहेत तोवर.

दुसऱ्याच्या डावावर बोलताना आधी विचारा, «इथं तुझ्या मनात काय होतं?» मग सांगा. बारा वर्षाच्या पोरीनं डाव टाकला आणि तिला पहिलंच उत्तर «अरे हे तर ब्लंडर» असं आलं तर ती परत टाकणार नाही. गेल्या वर्षी म्हणजे २०२५ च्या जुलैत शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हा आपल्या सगळ्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. बरोबरच आहे. पण तिचे फायनलचे टायब्रेकचे, म्हणजे बरोबरी फोडायला खेळलेले डाव उघडून किती जणांनी बघितले? या रविवारी त्यातला एक डाव ग्रुपवर घ्या, प्रत्येकानं एकेका जागेवर लिहायचं, इंजिन बंद ठेवून.

आणि एक नियम कडक पाळा, चालू असलेल्या डावाबद्दल ग्रुपवर अवाक्षर नाही. एक चाल दोन-तीन दिवसांची असलेले डाव असतात, त्यातली पोझिशन टाकून «इथं काय खेळू» विचारणं म्हणजे फसवणूकच, मग विचारणारा कितीही जवळचा असो. डाव संपू द्या, सही होऊ द्या, मग पाहिजे तेवढं बोला.